मिक्स्ड बेडच्या (पाण्यातले क्षार काढणाऱ्या रेझिनच्या टाकीच्या) आउटलेटची कंडक्टिविटी, म्हणजे पाण्याची वीजवाहकता, भर दुपारी 0.09 आणि पहाटे 0.06 मायक्रोसीमेन्स प्रति सेंमी दाखवते. मीटर 2% टेम्परेचर कॉम्पेन्सेशनवर आहे. रेझिन बदलायचं का?

रेझिनला हात लावू नका. संपलेलं रेझिन सूर्य मावळला म्हणून सुधारत नाही.

जरा चिडूनच लिहितोय, कारण याच आकड्यापायी विदर्भातल्या एका कारखान्यात आमच्या इन्स्ट्रुमेंट खात्याने अख्खा उन्हाळा बोलणी खाल्ली. टाकीतलं पाणी दुपारी 40 अंशांवर जायचं, मीटर 0.087 मायक्रोसीमेन्स दाखवायचा आणि केमिस्ट साहेब लगेच रीजनरेशन लावायचे, म्हणजे ॲसिड आणि कॉस्टिकने रेझिन पुन्हा ताजं करायचे. ॲसिड गेलं, कॉस्टिक गेलं, आणि संध्याकाळी आकडा उतरला की श्रेय रीजनरेशनला! रीजनरेशन न केलेल्या दिवशीही तो उतरायचा. लॉगबुकात लिहिलेलं होतं, पण लॉगबुक वाचतो कोण?

मीटर दर अंशाला 2% धरून आकडा 25 अंशांवर आणतो, पण हा हिशोब क्षार असलेल्या पाण्याचा. तुमच्या पाण्यात क्षार उरलेतच कुठे? तिथे वीज वाहते ती बहुतेक पाण्याच्या स्वतःच्या हायड्रोजन आणि हायड्रॉक्सिल आयनांमुळे, आणि तापमान चढलं की ते भराभर वाढतात. शुद्ध पाणी 25 अंशांना 0.055, 30 ला 0.071, 40 ला 0.113. 25 च्या वर 15 अंश, म्हणजे 30%, म्हणून मीटरने 0.113 ला 1.3 ने भागलं, झाले 0.087. बेड बिचारा ठणठणीत.

हे सांगितल्यावर साहेबांनी बाटलीत सॅम्पल भरून लॅबमध्ये नेलं, बीकरात ओतलं, प्रोब बुडवला. आकडा डोळ्यांदेखत चढत 0.8 च्या पुढे. "बघा, तुमचा मीटर तर कमीच दाखवतोय!" अहो, उघड्या बीकरात हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळतो. एवढं शुद्ध पाणी लाइनवरच, बंद फ्लो सेलमध्ये मोजायचं असतं.

शेवटी कॅन्टीनमधून बर्फ मागवला. सॅम्पल लाइनला स्टेनलेस स्टीलच्या ट्यूबचं वेटोळं जोडून बर्फाच्या बादलीत बुडवलं आणि व्हॉल्व्ह कमीजास्त करत सेलमधलं पाणी 25 वर आणलं. मीटर 0.057. तोच बेड, तीच दुपार. साहेब काही न बोलता निघून गेले.

हिवाळ्यात तर कहरच. 20 अंशांच्या पाण्याला तोच मीटर 0.047 दाखवायचा, म्हणजे उलट करून रेझिस्टिविटीत (विरोधात) 21 मेगाओहम-सेंमी, आणि साहेब तो आकडा पाहुण्यांना कौतुकाने दाखवायचे. 25 अंशांच्या हिशोबात 18.2 च्या वर पाणी जाऊच शकत नाही. उन्हाळ्यातला आकडा आमचं पाप, हिवाळ्यातला त्यांचं पुण्य!

तर मीटरच्या मेन्यूत अल्ट्राप्युअर वॉटरचा पर्याय शोधा. त्यात पाण्याचा स्वतःचा वाटा वजा होतो, उरलेल्या क्षारांना 2% च्या आसपासचा हिशोब लागतो आणि मग शुद्ध पाण्याचे 25 अंशांचे 0.055 त्यात पुन्हा जोडले जातात. पर्याय नसेल तर कॉम्पेन्सेशन बंद करा, कच्चा आकडा आणि तापमान दोन्ही लिहा, वरच्या आकड्यांशी ताडून पाहा. वरिष्ठ ऐकत नसतील तर वाद घालू नका, सरळ बर्फ मागवा.

हां, औषधांच्या कारखान्यात असाल तर गोष्ट वेगळी. यूएसपी (अमेरिकन औषधकोश) 645 या प्रकरणातल्या पहिल्या पायरीत कॉम्पेन्सेशन बंदच लागतं. मर्यादा 25 अंशांना 1.3, 80 ला 2.7. बॉयलरकडच्या कॅटायन कंडक्टिविटीला (सॅम्पल कॅटायन रेझिनमधून काढून मोजलेल्या) ॲसिडचा कॉम्पेन्सेशन कर्व्ह लावतात. आणि सिलिका कंडक्टिविटीत जवळपास दिसतच नाही, तेव्हा ती वेगळी तपासा. वाढलेली निघाली तर रीजनरेशन लावाच, मग दुपार असो की पहाट.