प्रोटेक्शन बेट म्हणजे ‘संरक्षक पैज’ का?

ऐरोलीच्या एका ताईंनी विचारलंय. पोकरमध्ये आपण पुढे असताना समोरच्याला पुढचं पान फुकट बघू न देण्यासाठी टोकनं लावतात, ती प्रोटेक्शन बेट. त्यांच्या सोसायटीत शनिवारी पोकर खेळतात, पैसे न लावता, नुसत्या टोकनांवर, आणि नवीन येणाऱ्यांसाठी त्या मराठीत माहितीचा एक कागद करतायत. त्यात ‘मजबूत पण असुरक्षित हात असेल तर संरक्षक पैज लावावी’ असं वाक्य झालंय आणि ते त्यांचं त्यांनाच खटकतंय.

ताई, खटकणारच, कारण त्यातला एकही शब्द आपण पत्ते खेळताना ज्या अर्थाने बोलतो त्या अर्थाने आलेला नाही. हात म्हणजे आपल्याकडे चौघांनी एकेक पान टाकून होतो तो, ‘आमचे सात हात झाले’ म्हणतो तो. हातात धरलेल्यांना आपण पानं म्हणतो, ‘पानं चांगली आली’, ‘पानंच नाहीत, खेळू काय’. आणि पैज म्हणजे संस्कृत प्रतिज्ञावरून आलेला शब्द, मी म्हणतो पाऊस पडणार, तू म्हणतोस नाही पडणार, लाव पैज. मधे टोकन सरकवणं म्हणजे पैज नव्हे, त्याला तीन पत्तीवाले कधीपासून चाल म्हणतायत, तोच शब्द घ्या की.

आता प्रोटेक्शन. याला आपल्याकडे तयार शब्द का नाही यावर मी बराच विचार केला आणि मला वाटतं कारण खेळातच आहे. तीन पत्तीत तीन पानं वाटली की झालं, पुढे नवीन पान येत नाही, जो वाटताना पुढे आहे तो शेवटपर्यंत पुढेच, मग राखायचं काय? पोकरमध्ये मात्र प्रत्येकाच्या हातात दोन पानं, आणि मधे सगळ्यांसाठी तीन पानं उघडतात, मग चौथं, मग पाचवं, आणि आत्ता पुढे असलेला माणूस एका पानाने मागे पडू शकतो. ही धाकधूक आपल्याला मेंढीकोटातून चांगली माहितीय. दश्शी, म्हणजेच मेंढी, सगळ्यात मोलाची, पण गुलाम, राणी, राजा, एक्का चौघंही तिला खातात, म्हणून ‘मेंढी वाचव’ हे आमच्या चरईतल्या घरात गणपतीच्या जागरणात रात्रभर ऐकू यायचं.

पण वाचवणं म्हणजे संकट अंगावर आल्यावरची गोष्ट. इथे संकट यायच्या आधीच काहीतरी करायचंय. म्हणून मला राखण हा शब्द अगदी चपखल वाटतो. मुरबाड शहापूरकडे भात निसवलं की राखण सुरू होते, पाखरं हाकायची, रात्री डबे बडवून रानडुकरं पळवायची. पीक चांगलं आलंय, आपलंच आहे, फक्त अजून घरात आलेलं नाही. तगडी पण मोडू शकणारी पानं म्हणजे नेमकं हेच, उभं पीक. संरक्षण आणि राखण दोन्ही रक्ष् धातूचीच लेकरं, पण संरक्षण मंत्रालयात गेलं आणि राखण शेतावर राहिली.

उदाहरण देते. तुमच्याकडे इस्पिक आणि चौकट अशा दोन दश्श्या, मधे उघडलं बदाम नव्वी, बदाम छक्की, किलवर दुर्री. आत्ता तुम्ही बहुतेक पुढे आहात. पण समोरच्याकडे दोन बदाम असतील तर त्याला न दिसलेल्या 47 पानांत 9 बदाम आहेत, म्हणजे पुढच्या पानावर फ्लश, पाचही पानं बदामाची, लागायची शक्यता साधारण 19 टक्के. मधे 100 टोकनं आहेत आणि तुम्ही चालच दिली नाही तर तो पान फुकटात बघतो. 10 ची चाल दिलीत तर 120 च्या ढिगासाठी (आधीचे 100, तुमचे 10, त्याचे 10) त्याला 10 टाकायचेत, 8 टक्क्यांच्या आसपास शक्यता असली तरी परवडतं, तो हसत येईल. 50 ची दिलीत तर 200 साठी 50, म्हणजे 25 टक्के हवेत, नुसत्या पुढच्या पानाचा हिशेब धरला तर तेवढे त्याच्याकडे नाहीत. नंतर अजून टोकनं मिळतील या आशेवर तो येईलही, पण निदान फुकट आला नाही, आणि ज्याच्याकडे नुसते राजा राणी आहेत, बदाम नाही, तो पानं टाकून गेला तर त्याची उरलेले 3 राजे आणि 3 राण्या अशा 6 पानांची आशाही संपली, हाही तुमचाच फायदा. उलट फारच मोठी चाल दिलीत तर बाकी सगळे पळतात आणि तुमच्याही पुढे असलेला तीन छक्क्यावाला तेवढा थांबतो.

एक गोष्ट मात्र जपा. राखण हे नाम वापरा, राखणे हे क्रियापद शक्यतो नको, कारण ‘पान राखलं’ म्हणजे आपल्याकडे नंतरसाठी मागे ठेवलं, ‘सहा गडी राखून जिंकले’ म्हणजे ते वापरावेच लागले नाहीत. म्हणून ‘राखून खेळा’ लिहिलंत तर माणूस नेमकं उलटं समजेल, गप्प बसेल. तसं गप्प बसणं फुल हाउससारख्या (तीन सारखी आणि दोन सारखी) पानांना शोभतं, ज्यांना सहसा कोणी मोडू शकत नाही. दोन दश्श्यांना नाही.

‘असुरक्षित’ही काढा, शिवाय कोणी ब्रिज खेळणारा ‘व्हल्नरेबल’ सुचवेल तर तेही नको, तिथे तो गुणांच्या हिशेबातला शब्द आहे, गेम जिंकलेल्या जोडीला बोनसही जास्त आणि दंडही जास्त, पानांच्या ताकदीशी त्याचा संबंधच नाही. ‘उघड्यावरची पानं’ म्हणा, शेतातलं पीक उघड्यावर असतं तसं.

म्हणजे तुमचं वाक्य असं होईल: ‘पानं तगडी पण उघड्यावरची असतील तर राखणीची चाल द्या, समोरच्याला पुढचं पान फुकट बघू देऊ नका.’

आणि ‘प्रोटेक्ट युअर हँड’ असं टेबलावर कोणी म्हणालं तर त्याचा सहसा चालीशी संबंध नसतो बरं का, वाटणाऱ्याने चुकून तुमचे पत्ते उचलून नेऊ नयेत म्हणून त्यांच्यावर एक टोकन ठेवा एवढंच ते असतं, तिथे साधं ‘पानं सांभाळा’ लिहा.