दुसऱ्या डोसला पिल्लू का येत नाही?

प्रश्न : सांगली जिल्ह्यातील तालुक्याच्या गावी मी तीन वर्षांपासून खासगी पशुवैद्यकीय दवाखाना चालवतो. सकाळी गोठ्यांवर फेरी आणि संध्याकाळी दवाखान्यात कुत्री-मांजरे, असा माझा दिवस जातो. पिल्लाला पहिली लस टोचून नेणाऱ्यांपैकी निम्मेदेखील दुसऱ्या डोसला येत नाहीत आणि बिलावरून खटके उडतात. जाहिरातीचे काम करणाऱ्या एका गृहस्थांनी चौकात मोठा फलक, त्यावर ‘तालुक्यातील सर्वोत्तम’ असा मजकूर आणि शस्त्रक्रियेवर सवलत असे सुचवले आहे. हा खर्च करावा का?

उत्तर : करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम 1984 नुसार 1992 मध्ये तयार झालेली व्यावसायिक आचारसंहिता आपल्याला लागू आहे आणि स्वतःच्या कौशल्याची जाहिरात करून रुग्ण मिळवणे तिला मान्य नाही. नाव, पदवी, नोंदणी क्रमांक आणि वेळ सांगणारी साधी पाटी आपल्या दवाखान्याला पुरेशी आहे. त्यापलीकडे काही लिहायचे असल्यास नागपूरच्या महाराष्ट्र राज्य पशुवैद्यक परिषदेकडे आधी विचारणा करावी. शिवाय फलकामुळे नवा माणूस येईल, परंतु आपली अडचण आलेला माणूस परत न येण्याची आहे, आणि तिचे मूळ पहिल्या भेटीतील बोलण्यात आहे.

सहा ते आठ आठवड्यांच्या पिल्लाला लस टोचून आपण कार्डावर पुढची तारीख लिहितो, पण तेच इंजेक्शन पुन्हा का द्यायचे हे सांगत नाही. मग पालकांना तो बिल वाढवण्याचा प्रकार वाटला, तर त्यांचा दोष नाही. आपल्या भागात चीक सर्वांना ठाऊक आहे. आईच्या चिकातून पिल्लाला मिळालेले संरक्षण काही आठवडे टिकते आणि तोपर्यंत तेच लसीला निष्प्रभ करू शकते. ते नेमके कोणत्या दिवशी ओसरेल हे बाहेरून कळत नाही, म्हणून सोळा आठवड्यांचे होईपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी डोस द्यावा लागतो, आणि मधला डोस चुकला तर पार्व्होला, म्हणजे पिल्लांना उलट्या-जुलाब करून जिवावर उठणाऱ्या विषाणूला, वाट मोकळी राहते. हे सांगायला दोन मिनिटे लागतात. ती दोन मिनिटे दिलेला पालक परत येतो, असा माझा अनुभव आहे. तिसऱ्या महिन्यातील रेबीजची लस मात्र निराळी असून ती माणसांच्या जिवाशीही निगडित आहे, हे त्याच वेळी वेगळे करून सांगावे.

त्यानंतर आठवण करून देण्याचा भाग येतो. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीतला संदेश ज्यांनी आपला क्रमांक जतन केला आहे त्यांनाच पोहोचतो; म्हणून पालक समोर असतानाच क्रमांक जतन करण्यास सांगावे आणि संदेश पाठवण्याची परवानगीही तेव्हाच घ्यावी. संदेश त्या प्राण्याच्या नावाने असावा : ‘खंड्याचा दुसरा डोस गुरुवारी द्यायचा आहे. संध्याकाळी पाच ते आठ या वेळेत आणावे. अंगात ताप किंवा जुलाब असल्यास आधी फोन करावा.’ सणांच्या शुभेच्छा आणि सवलतींच्या चित्रांत हा संदेश हरवू देऊ नये. गोठ्यांवरच्या पशुपालकांना मात्र फोनच करावा, आणि तो दूध काढण्याच्या वेळी करू नये. घटसर्प आणि फऱ्या या गुरांच्या आजारांची लस पावसाळ्यापूर्वी टोचायची असते. हे फोन मे महिन्यात झाले, तर जूनमधील धावपळ बरीच टळते.

बिलाचे खटके बहुधा रकमेमुळे होत नाहीत; रक्कम शेवटी कळते म्हणून होतात. पार्व्होचे पिल्लू दाखल करताना एकूण खर्च सांगणे आपल्यालाही शक्य नसते, परंतु पहिल्या दोन दिवसांच्या सलाईन व औषधांचा अंदाज कागदावर लिहून देता येतो, आणि तिसऱ्या दिवशी पालकांबरोबर बसून पुढे काय करायचे ते ठरवता येते. पिल्लू वाचेलच असे नाही, हेदेखील पहिल्याच दिवशी, त्यांच्या डोळ्यांत पाहून सांगावे. स्तनदाहाच्या गाईला प्रतिजैविक दिल्यावर किती दिवस दूध डेअरीला घालायचे नाही, हेही असेच लिहून द्यावे. ही सूचना तोंडी राहिली आणि दूध नाकारले गेले, तर तो पशुपालक आपल्याकडे पुन्हा येणार नाही, आणि ते रास्तच होईल.

प्रश्न : मी पुण्यातील एका पशुवैद्यकीय दवाखान्यात स्वागतकक्ष सांभाळते. आमच्याच दवाखान्यात दगावलेल्या कुत्र्याच्या घरी वार्षिक लसीची आठवण करून देणारा संदेश गेला. त्या ताईंनी रडत फोन केला. आता काय करावे?

उत्तर : संगणकाची चूक म्हणून सोडून देऊ नका. उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी स्वतः फोन करून, कारणे न सांगता, क्षमा मागावी आणि कुत्र्याचा उल्लेख नावाने करावा. यापुढे प्राणी दगावल्यास त्याच दिवशी, दवाखाना बंद करण्यापूर्वी, नोंदीवर तसे लिहून त्याचे सर्व संदेश थांबवण्याचे काम एकाच ठरावीक व्यक्तीकडे द्यावे. प्राणी घरीच दगावला असेल, तर ती बातमी दवाखान्यापर्यंत आपोआप येत नाही. म्हणून वृद्ध किंवा गंभीर आजारी प्राण्यांच्या पालकांना संदेश न पाठवता आधी फोन करून ‘तब्येत कशी आहे?’ एवढेच विचारावे. त्या घरी दुसरा प्राणी असेल, तर त्याच्या लसीची आठवणही काही आठवडे फोनवरूनच द्यावी.