टकिला घोट घोट प्यायची तर कोणती घ्यायची? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : दादा, आम्ही मित्र सगळे सिंगल माल्टवाले. मध्यंतरी मुंबईत एकाकडे टकिला प्यायलो, मीठ नाही लिंबू नाही, नुसती ग्लासात ओतून हळूहळू, अन् खरंच आवडली. आता इथे नागपुरात सदरमध्ये घ्यायला गेलो तर दुकानवाला सोनेरी बाटली दाखवून म्हणते हीच भारी आहे, पांढरी तर शॉट मारायची असते. खरं आहे काय?
— एक वाचक, मनीषनगर

उत्तर : नाही भाऊ. रंगाकडे पाहूच नका, बाटली फिरवा आणि लेबल वाचा. त्यावर १०० टक्के अगावे (टकिला ज्या झाडापासून बनते ते) असं लिहिलंय का ते आधी पाहायचं, आणि ते नसेल तर ती बाटली नुसती प्यायच्या कामाची नाही. मेक्सिकोच्या नियमात टकिलाची निदान ५१ टक्के साखर निळ्या अगावेची लागते, उरलेली उसाची वगैरे चालते, त्याला मिक्स्तो म्हणतात, पण बाटलीवर मिक्स्तो असं कोणी छापत नाही, नुसतं टकिला लिहितात, म्हणजे जे लिहिलेलं नाही ते आपल्यालाच ओळखावं लागतं. आपल्याकडे गोल्ड म्हणून जी विकल्या जाते ती बहुतेक अशीच, होजे कुएर्वोची एस्पेशल गोल्ड घ्या ना, मिक्स्तोच आहे. मार्गारीटा कॉकटेलमध्ये ती छान लागते, पण नुसती घेतली की घसा धरते, म्हणून तर मीठ-लिंबाची गरज पडते.

मग त्याच लेबलवर नोम (NOM) अशी अक्षरं आणि पुढे चार आकडे शोधा. हा नंबर डिस्टिलरीचा असतो, ब्रँडचा नाही, आणि एका नंबरखाली कितीतरी ब्रँड निघतात. उदाहरणार्थ ११३९ म्हणजे अरांदास गावची ला आल्तेन्या, १९३७ पासूनची, तिथून तापातियो पण येते आणि एल तेसोरो पण. १४९३ म्हणजे फोर्तालेसा. दुकानात उभं राहून फोनवर नंबर टाकला की कळतं ही टकिला कुठे आणि कशी बनली, आणि माझ्या मते बाटलीचा आकार, किंमत, कोणत्या सिनेमावाल्याचा ब्रँड आहे, या सगळ्यापेक्षा ही एकच माहिती जास्त कामाची.

"कशी बनली" यावर इतका जोर का देतो ते सांगतो. अगावे तयार व्हायलाच साधारण सहा-सात वर्षं लागतात, मग खिमादोर लोक लांब दांड्याच्या गोल धारदार कोआनं पानं छाटतात आणि मधला गड्डा काढतात, तो कच्चा असताना गोड नसतो, शिजवला की त्यातल्या इनुलिनची साखर होते. आता हा गड्डा विटांच्या भट्टीत दोन-दोन दिवस मंद वाफेवर शिजवला तर दारूत भाजलेल्या रताळ्यासारखा गोड मातकट वास उतरतो, आणि चांगल्या टकिलात शोधायचा असतो तो हाच. ऑटोक्लेव्हमध्ये म्हणजे मोठ्या प्रेशर कुकरमध्ये काही तासांत काम होतं, नीट केलं तर तेही चांगलंच. डिफ्यूजर नावाचं मशीन मात्र कच्च्या अगावेवरच गरम पाणी मारून रस धुऊन काढतं आणि साखर नंतर बनवतात, पैसा वाचतो, माल जास्त निघतो, पण चव धुतल्या जाते. अशा मालात मग व्हॅनिला, गोडवा वरून दिसतो. ग्लिसरीन, साखरेचा पाक, ओकचा अर्क, कॅरॅमल रंग, हे सगळं मिळून वजनाच्या १ टक्क्यापर्यंत टाकायला परवानगी आहे आणि लेबलवर सांगायचं बंधन नाही. म्हणून पहिली घ्यायची ती पांढरीच, म्हणजे ब्लांको. ती लाकडी बॅरलमध्ये मुरवलेली नसते, म्हणून लाकडाआड लपायला तिला जागा नसते.

प्रश्न : माझा भाऊ पुढच्या महिन्यात दुबईहून येऊन राहिला, एअरपोर्टवरून दोन बाटल्या आणतो म्हणाला. माझ्या मनात डॉन हुलियो १९४२ आहे, नवऱ्याला ती निळ्या-पांढऱ्या सिरॅमिकवाली क्लासे आसूल पाहिजे. जितकी जुनी तितकी चांगली असं समजायचं का? आणि १९४२ म्हणजे काय, तेव्हाची टकिला आहे का ती?
— एक वाचक, धरमपेठ

उत्तर : ताई, तेव्हाची नाही. डॉन हुलियो गोन्सालेस यांनी १९४२ साली टकिला बनवायला सुरुवात केली, त्या सालाचं नाव बाटलीला दिलं. आतली टकिला साधारण अडीच वर्षं बॅरलमध्ये ठेवलेली आन्येहो आहे.

वयाचं असं आहे की ब्लांको दोन महिन्यांच्या आत बाटलीत जाते, रेपोसादो निदान दोन महिने लाकडात राहते, आन्येहो निदान एक वर्ष, एक्स्ट्रा आन्येहो निदान तीन, आणि ही शेवटची कॅटेगरी २००६ मध्येच आली. तुम्ही व्हिस्कीचा हिशोब इथे लावू नका. बार्लीला एका हंगामात कापतात, तिला चव बॅरल देतो. अगावे इतकी वर्षं शेतात उभी राहून आपली चव घेऊनच येते, तिला फार दिवस लाकडात ठेवलं की ती चवच दबते आणि मग तुम्ही महाग पैसे देऊन व्हिस्कीच्या जवळचं काहीतरी पिता. १९४२ मऊ आहे, व्हॅनिला, कॅरॅमल, कुठेच टोचत नाही, ज्यांना गोडसर आवडतं त्यांना ती आवडणारच, पण मला तिच्यात अगावे फार मागे गेलेली वाटते. क्लासे आसूलची बाटली हातानं रंगवलेली, दिसायला सुंदर, आणि किमतीतला मोठा वाटा त्या बाटलीचा, आतली रेपोसादो बरीच गोड. शोकेससाठी घ्यायची असेल तर घ्या.

मी तुमच्या जागी असतो तर तेवढ्या पैशात एकाच ब्रँडच्या दोन बाटल्या मागवल्या असत्या, एक ब्लांको आणि एक रेपोसादो. फोर्तालेसा मिळाली तर डोळे मिटून घ्या, तकिला गावातच बनते, विटांची भट्टी, तहोना म्हणजे दगडी चाकाखाली अगावे चिरडणं, दारू गाळायचे तांब्याचे छोटे स्टिल, आणि ब्लांकोत लोणी, ऑलिव्ह, लिंबाची साल, सगळं वेगवेगळं लागतं. नाही मिळाली तर तापातियो, सिएते लेगुआस, ओचो, एल तेसोरो यांच्यातली कोणतीही. सिएते लेगुआस अतोतोनिल्को एल आल्तोची, १९५२ पासून आहे, मेक्सिकोचा क्रांतिकारक पांचो व्हिया याच्या घोड्याच्या नावावरून नाव ठेवलेलं, तिची ब्लांको जरा जास्त हिरवी, पुदिन्याकडे झुकणारी. ड्यूटी फ्रीला ही नावं नेहमी असतीलच असं नाही, पात्रोन आणि डॉन हुलियो मात्र बहुतेक ठिकाणी असतात, तर त्यांचीच साधी ब्लांको किंवा रेपोसादो आणा, १९४२ पेक्षा खूप स्वस्त पडेल. भावाला एवढं सांगून ठेवा की एका माणसाला दोन लिटरपर्यंतच ड्यूटी फ्री आहे, तर एक-एक लिटरच्या दोन घेतल्या की हिशोब जमला. आणि क्रिस्तालिनो असं लिहिलेली पारदर्शक महागडी बाटली दिसली तर ती ब्लांको समजून घेऊ नका, ती बॅरलमध्ये मुरलेलीच असते, कोळशातून गाळून तिचा रंग काढलेला असतो, आणि रंगासोबत बरंच काही निघून जातं.

प्रश्न : दोन टकिलांची तुलना घरी कशी करायची? आम्हाला तर दोन्ही सारख्याच जळजळीत लागल्या.
— एक वाचक, वर्धा रोड

उत्तर : शॉट ग्लासमध्ये ओतल्या असतील आणि एका दमात घेतल्या असतील, होय ना? वाइनचा छोटा ग्लास किंवा व्हिस्कीचा खाली फुगीर वर निमुळता ग्लास घ्या, दोन सारखे, एकात एक आणि दुसऱ्यात दुसरी, तीस-तीस एमएलपेक्षा कमीच, आणि दहा मिनिटं हातच लावू नका. मग वास घेताना नाक आत खुपसायचं नाही, ग्लास हनुवटीजवळ धरून तोंड थोडं उघडं ठेवून घ्यायचा, म्हणजे अल्कोहोलचा भपका निघून जातो आणि मागचं कळतं. पहिला घोट अगदी थेंबभर, तो फक्त तोंडाला सवय व्हावी म्हणून, त्यावरून मत बनवू नका, खरा दुसरा घोट. तो जिभेवर पसरू द्या, गिळल्यावर नाकानं श्वास सोडा, आणि चव किती वेळ थांबते ते पाहा. चांगलीत तिखटपणा असतो, मिऱ्यासारखा, पण तो जिभेवर असतो, घशात जाळ होत नाही.

आणखी एक करून पाहा, दोन थेंब तळहातावर टाकून दोन्ही हात चोळा, अल्कोहोल उडून जाईल, मग वास घ्या. शिजलेल्या अगावेचा वास राहिला तर माल चांगला, नुसता केकसारखा व्हॅनिला राहिला तर समजून जा.

तुलना करायची ती एका जातीतली करा, ब्लांकोसमोर ब्लांको. एक लोस आल्तोस म्हणजे वरच्या पठारावरची घ्या, एक तकिला गावाजवळच्या खोऱ्यातली. पठारावरची साधारणपणे फळांच्या, फुलांच्या अंगाची, गोडसर, खोऱ्यातली मातकट आणि मिरेदार. पक्का नियम नाही, डिस्टिलरीच्या पद्धतीनं बराच फरक पडतो, पण सुरुवातीला हा फरक जिभेला लवकर सापडतो.

आणि आपल्या नागपूरचं वेगळं सांगावं लागेल. पुस्तकात रूम टेंपरेचर लिहिलेलं असतं, ते मेक्सिकोतल्या थंड डोंगराचं, आपल्याकडे मे महिन्यात कूलर चालू असतानासुद्धा खोली गरमच असते आणि त्या उष्णतेत कोणतीही दारू नुसती जळजळच देते. बाटली पंधरा-वीस मिनिटं फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, फ्रीजरमध्ये नाही, फ्रीजरमध्ये वास मरतो. उरलेली बाटली उभी ठेवा, आडवी ठेवली तर कॉर्क खराब होतो, आणि गच्चीखालच्या तापणाऱ्या खोलीत तर बिलकुल नको. अर्ध्याखाली गेली की काही महिन्यांत संपवा, हवेनं चव उतरते.

प्रश्न : गोव्यात भारतीय अगावेची दारू प्यायलो, चांगली वाटली. ती टकिलाच का? आणि कारनं नागपूरला आणली तर चालेल काय?
— एक वाचक, प्रतापनगर

उत्तर : टकिला नाही, कारण टकिला हे नाव फक्त मेक्सिकोच्या ठरावीक भागाचं, पूर्ण हालिस्को राज्य आणि ग्वानाह्वातो, मिचोआकान, नायारित, तामाउलिपास यांतली काही गावं, १९७४ पासून तसा नियम आहे. पण चीज खरी आहे. दख्खनच्या पठारावर अगावे अमेरिकाना रानात वाढते, आपण जिला घायपात म्हणतो त्याच कुळातली. तिच्यापासून डेस्मंड नाझरेथ यांनी आंध्रात चित्तूर जिल्ह्यात डेस्मंडजी बनवली, २०११ पासून विकायला आली, आणि नंतर माया पिस्टोला आली. चव टकिलापेक्षा वेगळी, जरा रानटी, हिरवी, आणि मला ती मनापासून आवडते. टकिलाच्या शेजारी ग्लासात ठेवून पाहाच, अगावेची जात बदलली की काय बदलतं ते लगेच कळेल.

आणायचं म्हणाल तर परराज्यातली बाटली एक्साइजच्या परवानगीशिवाय महाराष्ट्रात आणता येत नाही. शिवाय तुम्ही यवतमाळकडून आले तर वर्धा जिल्हा मध्ये येतो, तिथे दारूबंदी आहे. इथेच मागवा. आणि परमिट काढून ठेवा, आपल्या राज्यात हार्ड लिकरला वय पंचवीस पूर्ण लागतं.

प्रश्न : शंभर टक्के अगावेनं हँगओव्हर होत नाही आणि शुगरवाल्यांनाही चालते, असं व्हॉट्सॲपवर फिरून राहिलं.
— एक वाचक, नंदनवन

उत्तर : दोन्ही चूक. जास्त घेतली की डोकं दुखणारच, कितीही महाग असू द्या. आणि अगावेतलं ते अगाव्हिन की काय शुगरला चांगलं म्हणतात ते कच्च्या झाडात असतं, दारू बनताना राहत नाही. शुगर असेल आणि गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर दारूनं शुगर एकदम खाली जाऊ शकते, डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक घोटही नको.

प्रश्न : सोबत चखणा काय ठेवायचा? आमच्याकडे बसलो की सावजी मटण ठरलेलं.
— एक वाचक, महाल

उत्तर : सावजी नंतर जेवायला ठेवा. त्या मसाल्यापुढे कोणत्याही ब्लांकोची चव टिकणार नाही, आणि एवढी चांगली बाटली उघडून तसं करायला मला जीवावर येतं. घोट घेताना खारे शेंगदाणे, काकडी, फार तर साधं भाजलेलं पनीर. रेपोसादोसोबत भाजलेलं चिकन चांगलं जातं, तिखट कमी ठेवून.

पण आपल्याकडे जे आहे ते दुसऱ्या कुठे नाही, संत्रं. हालिस्कोत टकिलासोबत संग्रिता नावाचं आंबट-तिखट पेय वेगळ्या छोट्या ग्लासात देतात, एक घोट टकिलाचा, एक घोट त्याचा, दोन्ही मिसळायचे नाहीत. टोमॅटोची पण करतात, पण संत्र्याची मला फार चांगली वाटते, आणि त्यासाठी आपलं नागपुरी संत्रं, तेही आंबिया बहाराचं, दिवाळीनंतरचं, गोड-आंबट, एकदम बसतं. दोन संत्र्यांचा रस हातानं काढा, मिक्सर नको, बी चिरडली की कडू होतं. त्यात अर्धं लिंबू, दोन-तीन चमचे डाळिंबाचा रस, चिमूटभर मीठ आणि लाल तिखट, पण भिवापुरी मिरचीचं असेल तर हात आखडता घ्या. अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून गाळून घ्या. मार्च गेला, संत्रं संपलं, तर मोसंबी चालते, फक्त लिंबू थोडं वाढवा आणि साखर अजिबात टाकू नका.