मेणवलीच्या घाटावरच्या देवळात चर्चसारखी घंटा का आहे?

कारण ती मुळात चर्चचीच आहे. १७३९ साली चिमाजी आप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई जिंकली, तेव्हा तिथल्या चर्चच्या घंटा विजयाची खूण म्हणून मराठी मुलखात आल्या आणि देवळांत टांगल्या गेल्या. वाईजवळच्या मेणवलीत नाना फडणवीसांच्या वाड्यामागे कृष्णेचा घाट आहे, तिथली ही पंचधातूची घंटा त्यातलीच. नीट पाहा, बाळ येशूला घेतलेली मेरी तिच्यावर कोरलेली दिसेल. बहुतेक लोक फोटो काढून निघून जातात, याचं वाईट वाटतं. नाशिकला गोदाकाठची नारोशंकराची घंटा आणि भीमाशंकरच्या देवळापुढची घंटाही अशाच वसईच्या मोहिमेतल्या. जमलं तर तिन्ही पाहाच. मेणवलीला सकाळी लवकर गेलात तर घाटही निवांत मिळेल.