पहाडातील शिबिर : औषधांच्या आधी काय?

प्रश्न : आम्ही काही डॉक्टर व परिचारिका एका दुर्गम पहाडी वस्तीत चार दिवसांचे विनामूल्य आरोग्य शिबिर घेणार आहोत. पूर्वतयारी कशी करावी?

उत्तर : प्रथम तेथील आरोग्यसेवकांशी बोलून घ्यावे, कारण रक्तदाबाची गोळी बहुधा आयुष्यभर घ्यावी लागते, आणि तुम्ही परतल्यावर ती कोण देणार हे ठरल्याशिवाय पहिली गोळी सुरू करणे मला तरी पटत नाही. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावे. पहाडात गारठ्याचेही भय असते. गोठलेली कुपी वितळल्यावर पूर्ववत दिसली तरी टाकूनच द्यावी. वस्ती २,५०० मीटरहून उंच असल्यास पथकाने वाटेत मुक्काम करावा, अन्यथा विरळ हवेची सवय नसल्याने पहिल्या दिवशी डॉक्टरच डोके धरून बसतील.