रक्त घेतलंस, तर निकाल घेऊन जा

नाशिक

चि. ... हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. लेखकांच्या नावांचा क्रम काय असावा यावर दीड पान आहे, ते मी सोडून दिलं. खरी गोष्ट शेवटी आहे. फवारणीच्या औषधांचा मजुरांवर काय परिणाम होतो हे पाहायला तुम्ही रक्त घेताय, आणि दिंडोरीच्या द्राक्षबागेत डिपिंग करणाऱ्या, म्हणजे घड संजीवकाच्या द्रावणात बुडवणाऱ्या बाईनं तुला विचारलं, "ताई, माझ्या रक्तात काय निघालं?" आणि तू गप्प बसलीस. आता विचारतेस, प्रकल्प सोडू का? सोडू नकोस. गप्पही बसू नकोस.

ज्याचं रक्त घेतलं, त्याच्या हातात निकाल. बाकी सगळं नंतर.

"एकट्यादुकट्याच्या आकड्याला अर्थ नसतो" असं तुझे प्रकल्पातले सर म्हणतात. कोलिनेस्टरेज, म्हणजे काही कीटकनाशकांमुळे रक्तात उतरणारं विकर, त्याची पातळी माणसागणिक बदलते, हे कबूल. म्हणूनच ऑक्टोबर छाटणीआधी, औषध मारायला लागण्यापूर्वी पहिला नमुना घ्यायचा आणि पुढे त्या माणसाची तुलना त्याच्याशीच करायची. तांबड्या पेशींतली पातळी मूळच्यापेक्षा २० टक्क्यांनी उतरली, की कामाची पद्धत तपासायची. ३० टक्क्यांनी उतरली, की त्याला फवारणीतून बाहेर काढायचं. हे हंगाम संपल्यावर कळून काय करायचं? तोवर माणसं पेठ-सुरगाण्याला परतलेली असतात. आणि डावणी-भुरी या द्राक्षावरच्या रोगांसाठी मारलेल्या बुरशीनाशकांबद्दल या तपासणीतून काही कळत नाही, हेही त्या बाईला सांग. अर्धवट माहिती देऊन निघून येऊ नकोस.

२०१० मध्ये द्राक्षात क्लोरमेक्वॅट या वाढ रोखणाऱ्या संजीवकाचे अंश सापडले आणि युरोपात कंटेनर अडकले, तेव्हा इथे बागाईतदारांची झोप उडाली होती. निर्यातीच्या घडाचा अहवाल माल निघण्याआधी हातात लागतो. घड तोडणारीचा अहवाल दोन वर्षांनी, तोही सरासरीत मिसळून?

मी हेच केलंय, म्हणून चिडतोय. निफाडकडच्या एका गावात आम्ही नमुने घेतले. फवारणी करणाऱ्या एका पोराची पातळी जवळजवळ निम्म्यावर आली होती. ती मला तक्त्यात दिसली आठ महिन्यांनी. गावात गेलो तर तो काम सोडून गेलेला, कुठे ते कुणालाच ठाऊक नाही. पेपर छापून आला. त्यात तो एक ठिपका आहे.

पुढे एका मोठ्या संयुक्त प्रकल्पावर मी सही केली नाही, कारण निकाल घरोघरी पोचवण्याचा खर्च अंदाजपत्रकातून कापला होता. मला हेकट म्हणाले. त्या प्रकल्पातून चांगलं काम झालं, हेही खरं. तरी आज पुन्हा कागद समोर आला, तर मी सही करणार नाही. ज्याचं रक्त, त्याच्या हातात निकाल, एवढं लिहून दिल्याशिवाय नाही.

वैद्यकीयवाले रक्त बघतात, रसायनवाले विहिरीचं पाणी, कृषीवाले फवारणीची वही. माणसाच्या गावाचा पत्ता कुणाकडे आहे, हे पुढच्या बैठकीत विचार. पेठ-सुरगाण्याकडची कोकणा बोली बोलणारं कोणी सोबत घे, गाडीभाडं आधीच मंजूर करून घे. तुझे ते सर नाही म्हणाले, तर त्यांचं ते नाही बैठकीच्या इतिवृत्तात लिहून घे.

आणि त्या बाईकडे या आठवड्यातच जा. निकाल नसला तरी, तो कधी येईल हे सांगायला जा. काय बोलणं झालं ते मला कळव.

तुझा,
सर