सहा महिन्यांचा ईएमटीचा कोर्स करून १०८ वर नोकरी लागते का?

तुमचा भाऊ बारावी सायन्स झालाय आणि एक संस्था म्हणतेय, सहा महिन्यांत ईएमटी (ॲम्ब्युलन्समध्ये मागे बसून पेशंटला सांभाळणारा तंत्रज्ञ), लगेच १०८ च्या ॲम्ब्युलन्सवर नोकरी. तुम्ही विचारलंय, पैसे भरावेत का, आणि एनआरईएमटी ही अमेरिकेची परीक्षा द्यावी का. मी म्हणेन, थांबा. मी स्वतः असंच सहा महिन्यांचं सर्टिफिकेट घेऊन कुडाळात एका खाजगी ॲम्ब्युलन्सवर लागलो होतो.

पहिल्याच आठवड्यात बांबोळीला, म्हणजे गोव्याच्या सरकारी हॉस्पिटलात, पेशंट न्यायचा होता. मास्कने मिनिटाला १५ लिटर ऑक्सिजन चालू. मी कागद घेऊन ऐटीत मागे चढलो. तेवढ्यात पायलटने (आमच्याकडे ड्रायव्हरला पायलटच म्हणतात) विचारलं, "काटो बघलंस काय रे?" सिलिंडरचा दाब दाखवणारा काटा ५० वर. बी टाइप सिलिंडर भरलेला असला की काटा १५० वर असतो आणि आत साधारण १५०० लिटर असतात. म्हणजे उरले ५००, आणि १५ लिटरने जेमतेम ३३ मिनिटं. प्रवास सव्वा-दीड तासाचा! गोव्याची हद्द लागायच्या आधीच संपला असता. सिलिंडर बदलूनच निघालो. हे गणित मला कोर्समध्ये कुणी शिकवलंच नव्हतं. तिथे एकच सिलिंडर होता, तोही रिकामा, दाखवायला ठेवलेला.

आता कायद्याचं. गंमत बघा, गाडी कशी असावी हे आधी ठरलं. एआयएस-१२५ या मानकात ॲम्ब्युलन्सचे चार प्रकार आहेत. त्यातला 'सी' म्हणजे बेसिक लाइफ सपोर्ट, 'डी' म्हणजे ॲडव्हान्स्ड. मागे बसणाऱ्या माणसाचं शिक्षण किती असावं, हे देशभरासाठी एकसारखं ठरवणारा कायदा २०२१ चा. त्याच्या यादीत इमर्जन्सी मेडिकल टेक्नॉलॉजिस्ट (आपला ईएमटी) आहे. त्यात किमान २००० तासांचा, निदान दोन वर्षांचा डिप्लोमा किंवा पदवी धरलीय, आणि राज्य परिषदेकडे नाव नोंदवावं लागतं. सहा महिन्यांत २००० तास कसे बसवणार? रोज अकरा तास, रविवार धरून. करा हिशेब.

दुसरी गोष्ट संस्था सांगणार नाही. आपल्या महाराष्ट्रातली १०८ सेवा २०१४ ला सुरू झाली ती ९३७ गाड्यांनी, २३३ ॲडव्हान्स्ड आणि ७०४ बेसिक, आणि मागे डॉक्टर बसवून. बरेचसे बीएएमएस, बीएचएमएसवाले. गोव्यात मात्र १०८ वर ईएमटी असतो. त्यामुळे "१०८ वर नोकरी" असं कुणी म्हणालं की आधी विचारा, कुठल्या राज्यात.

बीएलएसचं (बेसिक लाइफ सपोर्टच्या छोट्या ट्रेनिंगचं) कार्ड मिळेल, असंही सांगतात. मिळू दे, चांगलंच आहे. हृदय बंद पडलं तर छाती ५ ते ६ सेंटिमीटर दाबायची, मिनिटाला १०० ते १२० वेळा, हे हातात बसायलाच हवं. पण ते कार्ड दोन वर्षांनी संपतं आणि त्याने कुणी ईएमटी होत नाही.

आणि एनआरईएमटीबद्दल विचारलंत म्हणून. ती परीक्षा अमेरिकेची. तिथेसुद्धा ती पास झालं म्हणजे लगेच काम करता येतं असं नाही, परवाना ज्या-त्या राज्याचा लागतो, आणि सर्टिफिकेट दर दोन वर्षांनी नवीन करून घ्यावं लागतं. भारतातल्या नोकरीसाठी त्यावर पैसे घालवण्यात मला तरी अर्थ दिसत नाही.

भावाला दोन वर्षांचा डिप्लोमा किंवा पदवीच करू दे. प्रवेश घेण्याआधी एक दिवस संस्थेत जाऊन या. कॅज्युअल्टीत आणि गाडीवर किती तास ड्युटी देतात ते लेखी मागा, डिप्लोमा कुठल्या विद्यापीठाचा किंवा मंडळाचा ते बघा. आणि सिलिंडर दिसला तर त्याचा काटा कितीवर आहे, तेही बघून या.